घर विकताना झुंबर कुणाचं, एसी कुणाचा? काय ठेवायचं आणि काय न्यायचं

घर विकणाऱ्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: फ्लॅटचा सौदा ठरलाय, टोकन घेतलंय, साठेखत म्हणजे विक्रीचा करार पुढच्या आठवड्यात. आता खरेदीदार म्हणतात हॉलमधलं झुंबर, दोन एसी, किचनची चिमणी आणि बाल्कनीतल्या कुंड्या हे सगळं किमतीत धरलेलंच होतं, जाहिरातीच्या फोटोत दिसतंय की. ताईंना झुंबर न्यायचंय, ते त्यांच्या आईने दिलेलं, आणि एसी पण नव्या घरी लावायचेत. त्या विचारतात, "कोण बरोबर, आम्ही की ते?"

ताई, आधी सरळ उत्तर देते आणि मग पाल्हाळ लावते. कुंड्या तुमच्या. एसी बहुतेक तुमचे पण वाद होऊ शकतो. चिमणी द्यावी लागेल असं धरून चाला. झुंबर मधलं प्रकरण आहे, आणि साठेखत अजून व्हायचंय म्हणजे ते तुमच्या हातात आहे. आज संध्याकाळीच बोलून घ्या. सह्या झाल्यावर हाच विषय काढलात तर तुमचं म्हणणं कितीही खरं असलं तरी समोरच्याला वाटणार की बाई शब्द फिरवतायत.

मी वीसेक वर्षं घरांच्या खरेदीविक्रीत आहे आणि ताबा द्यायच्या दिवशी जातीने हजर राहते, कारण खरी मजा त्या दिवशी असते. मोठ्या रकमेवर महिनाभर घासाघीस करून हसत हात मिळवलेली माणसं ताब्याच्या दिवशी गिझरवरून एकमेकांचं तोंड बघेनाशी होतात. रक्कम छोटी असते पण आपल्याला फसवलं ही भावना मोठी असते. खरेदीदार घर बघायला येतो तेव्हा तो चटईक्षेत्र बघतच नसतो हो, तो त्या झुंबराखाली बसलेला स्वतःला बघत असतो. मग ताबा घेताना वर बघतो तर दोन वायरी लोंबकळतायत आणि त्यांना काळी चिकटपट्टी.

म्हणून घर विकायला काढणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगते की जे न्यायचंय ते पहिला माणूस घर बघायला यायच्या आधी काढून ठेवा, फोटो काढायच्याही आधी. झुंबर उतरवा, साधा दिवा लावा. जी वस्तू खरेदीदाराने बघितलीच नाही तिच्यावरून तो भांडणार कसा? तुमच्या बाबतीत ती वेळ गेली, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहून ठेवते.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, फार खोलात जात नाही. जगात बऱ्याच ठिकाणी तत्त्व एकच आहे, जमिनीला किंवा इमारतीला कायमचं जोडलेलं ते घराबरोबर जातं आणि सुटं असलेलं मालकाबरोबर. गोची "कायमचं" या शब्दात आहे. इंग्लंडमधे १८७२ साली हॉलंड विरुद्ध हॉजसन नावाचा खटला झाला, एका गिरणीतले माग खिळ्यांनी जमिनीला ठोकलेले होते, ते गिरणीचा भाग की सुटं सामान असा वाद होता. कोर्टाने गिरणीचा भाग धरले. त्यात न्यायाधीश ब्लॅकबर्न यांनी दिलेलं दगडांचं उदाहरण मला फार आवडतं, मी ते क्लायंटना सांगत असते. चुना-सिमेंट न वापरता नुसते दगडावर दगड रचून कुंपणाची भिंत केली तर ते दगड जमिनीचा भाग झाले, आणि तेच दगड बांधकामवाल्याने आपल्या आवारात सोयीसाठी तसेच रचून ठेवले तर ते सुटं सामान राहिलं. दगड तेच, रचना तीच, हेतू वेगळा.

म्हणजे दोन गोष्टी बघायच्या. एक, वस्तू किती पक्की बसवलीय आणि काढली तर घराचं किती नुकसान होतं. दोन, ती बसवली कशासाठी, घर सुधारावं म्हणून की ती वस्तू नीट वापरता यावी म्हणून. भिंतीवरचा टीव्ही चार बोल्टवर असतो, पण बोल्ट आहेत ते टीव्ही बघता यावा म्हणून, भिंत सजवायला नाहीत. टीव्ही तुमचा. उलट १९९७ मधे तिकडच्याच सर्वोच्च पातळीवर एलिटस्टोन विरुद्ध मॉरिस या खटल्यात एक लाकडी बंगला नुसता काँक्रीटच्या खांबांवर टेकलेला होता, कुठे खिळा नाही की बोल्ट नाही, तरी तो जमिनीचा भाग ठरला, कारण मोडल्याशिवाय तो हलवताच येत नव्हता.

भारतातला मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा आहे आणि त्याच्या तिसऱ्या कलमात "जमिनीला जोडलेलं" म्हणजे काय ते दिलंय: मुळं धरलेली झाडंझुडपं, जमिनीत रोवलेल्या भिंती-इमारती, आणि त्या इमारतीच्या कायमच्या उपयोगासाठी तिला जोडलेल्या गोष्टी. आठवं कलम त्याहून गमतीचं आहे, घर विकलं की त्याबरोबर कुलपं, किल्ल्या, अडसर, दारं, खिडक्या आणि घराच्या कायमच्या वापरासाठी दिलेल्या बाकीच्या गोष्टी जातात असं त्यात चक्क लिहिलंय, अर्थात करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. आता किल्लीइतकी सुटी वस्तू घरात दुसरी कुठली नाही, खिशात मावते, पण ती घराची. म्हणजे "ते काय, दोन मिनिटांत निघतं" हा युक्तिवाद करायला जाऊ नका, तो चालत नाही.

पण खरं सांगू का, हे सगळं तुम्हाला कोर्टात जायचं असेल तर. आरशासाठी कोर्टात कोण जातं. तुमचं काम होतं ते लिहिण्याने, आणि लिहिलेलं असेल तर वरचे सगळे नियम बाजूला राहतात. तुम्ही आणि खरेदीदार मिळून अख्खं किचन उचकटून न्यायचं ठरवलंत आणि तसं लिहिलंत तर न्या, कुणाची ना नाही.

आरशावरून आठवलं. एका घरात बेसिनवर मोठा आरसा होता, मालक तोंडी म्हणाले होते नेतो म्हणून, लिहिलं कुणीच नव्हतं. त्यांना वाटलं आरसा क्लिपांवर असेल, निघाला सिलिकॉनने चिकटवलेला. ताब्याच्या आदल्या रात्री त्यांनी पेचकस घालून खालचा कोपरा उचकला, तडा गेला तो थेट वरपर्यंत, आणि मागच्या चार टाइल्स पापुद्र्यासकट बाहेर आल्या. ते डिझाइन कंपनीने कधीच बंद केलेलं. शेवटी विकणाऱ्याने ती अख्खी भिंत नव्याने करून दिली आणि आरशाचे तुकडे पोत्यात भरून खाली नेले. काढायचाच असेल तर आरशामागे मजबूत नायलॉनची दोरी घालून करवतीसारखी मागेपुढे ओढत सिलिकॉन कापतात, दोन माणसं लागतात, आणि तरी खात्री नाहीच. मी म्हणते चिकटवलेला आरसा सोडून द्या.

आता एकेक घेऊ. बाथरूममधलं सगळं घराचं, यावर सहसा वाद नको. नळ, शॉवर, जेट स्प्रे, टॉवेल रॉड, साबणाची जाळी, फ्लशची टाकी. १९९६ साली बोथम विरुद्ध टीएसबी बँक या खटल्यात इंग्लंडच्या अपील कोर्टाने वस्तूंची मोठी यादीच तपासली होती, त्यात नळ, टॉवेल रॉड, साबणदाणी हे घराचे ठरले आणि कार्पेट, पडदे, बरेचसे दिवे हे मालकाचे. साबणदाणीवर न्यायाधीशांनी निकाल दिलाय म्हणजे बघा माणसं कुठवर जातात. गिझरबद्दल मात्र लोक इमानदारीने गोंधळतात, तो भिंतीवर बोल्टने असतो, पाण्याच्या लाईनला जोडलेला असतो, पण नवा घेतलेला असला की न्यावासा वाटतो. माझा सल्ला ठेवा असा आहे, आणि न्यायचाच असेल तर लिहा आणि दोन्ही पाईपांची तोंडं प्लंबरकडून बुच लावून बंद करून द्या. एका ठिकाणी बुच न लावताच गिझर नेला होता, खरेदीदाराने आल्या आल्या मेन व्हॉल्व्ह उघडला आणि पाणी थेट बेडरूमच्या लाकडी फ्लोअरिंगवर.

किचनमधे ओटा, सिंक, ट्रॉल्या, वरची कपाटं ही घराची. मॉड्युलर किचन "मॉड्युलर" आहे म्हणून सुटं होत नाही, ते त्याच भिंतीच्या मापाने कापलेलं असतं आणि दुसऱ्या घरात कधीच नीट बसत नाही, सुताराला विचारा. ओट्यात कापून बसवलेला हॉब म्हणजे शेगडी, कपाटात बसवलेला ओव्हन, वरची चिमणी यावर कायद्याने वाद घालता येतो, बोथमच्या निकालात किचनमधली उपकरणं मालकाचीच ठरली होती, पण चिमणी काढली की भिंतीत डक्टचं भगदाड आणि कपाटांच्या रांगेत पडलेला दात, हे बघून कुठलाही खरेदीदार चिडणार. म्हणून तुम्हाला वर म्हटलं की चिमणी द्या. फ्रिज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, स्वतःच्या पायावर उभी असलेली कुठलीही वस्तू तुमची. डिशवॉशर मोकळा असेल तर तुमचा, कपाटाच्या दाराआड कायमचा बसवलेला असेल तर लिहून घ्या.

एसीवर जरा थांबते कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. स्प्लिट एसीची इनडोअर युनिट ब्रॅकेटवर असते, बाहेरची स्टँडवर, दोन्ही काढून नेतात आणि तसं सगळीकडे सर्रास चालतं, म्हणून तुमचे म्हटलं. पण भिंतीत लपवलेला तांब्याचा पाईप, ड्रेन आणि वेगळी वायर हे घराचं, ते ओढून काढायला जाऊ नका. आणि एसी काढायला कुणाही पोऱ्याला चढवू नका. नीट काढणारा माणूस आधी पंप डाऊन करतो, म्हणजे एसी कूलिंगवर चालू ठेवून बाहेरच्या युनिटचा बारीक पाईपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करतो, एकदोन मिनिटं कॉम्प्रेसरला गॅस आत ओढू देतो, मग जाड पाईपचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच मशीन बंद. असं केलं की गॅस बाहेरच्या युनिटमधे साठून राहतो. न करता नट ढिले केले की गॅस हवेत, आणि नव्या घरी लावताना परत भरायचा खर्च. भिंतीतल्या पाईपांची तोंडं टेपने घट्ट बंद करून ठेवा, नाहीतर खरेदीदाराचा एसी लागेपर्यंत आत ओल आणि झुरळं. बाहेरचं भोक बुजवून द्या. फोटोत एसी दिसतोय हा खरेदीदाराचा मुद्दा कायद्यात फार टिकणारा नाही, पण माणुसकीत टिकतो, त्यामुळं दोनपैकी जुना त्यांना द्या आणि नवा न्या असं बऱ्याचदा जमून जातं. विंडो एसी असेल तर खिडकीतल्या चौकटीचं काय करणार ते विचारून ठेवा, मोकळी चौकट कोणालाच नको असते.

पंखे. पंख्यांवर मी कितीतरी भांडणं ऐकलीत आणि माझं मत आहे की साधे पंखे सोडून द्या. काढलेच तर रेग्युलेटर आणि हुक जागेवर राहू द्या. दिव्यांचं पण तसंच, फॉल्स सीलिंगमधे बसवलेले दिवे, स्विचबोर्ड, बेल सगळं घराचं, लोंबते शोभेचे दिवे नेऊ शकता पण जिथून दिवा काढला तिथे साधा होल्डर आणि एक चालू बल्ब लावून या. अंधारात ताबा देणारे लोक मी पाहिलेत, मोबाईलच्या टॉर्चवर मीटरचं रीडिंग घेतलंय आम्ही.

पडदे तुमचे, रॉड घराचे, खिडकीच्या मापाने केलेले ब्लाइंड्सही ठेवलेले बरे, तुमच्या दुसऱ्या खिडकीला ते बसणार नाहीत. भिंतीत बांधलेलं कपाट घराचं, उभं ठेवलेलं तुमचं. टीव्ही न्या, ब्रॅकेट ठेवलात तरी चालेल, नेलंत तर भोकं बुजवा. दाराची नावाची पाटी न्या, तिच्या मागचा फिक्या रंगाचा चौकोन मात्र तिथेच राहतो, त्याला इलाज नाही.

झाडांचं सोपं आहे. कुंडीतलं तुमचं, मातीतलं घराचं. मातीतलं एखादं झाड जीव की प्राण असेल तर आधीच लिहून घ्या किंवा फांदीचं कलम करून न्या, मोठं झाड उपटून दुसरीकडे जगेलच असं नाही आणि मागे खड्डा राहतो. एक आजी रोज सकाळी जुन्या घरी जाऊन जाईला पाणी घालायच्या, नव्या मालकिणीने त्यांना किल्लीच देऊन टाकली, पण असं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

आता अशा वस्तू ज्या तुमच्या नाहीतच आणि तुम्ही त्या देऊन बसता. भाड्याने घेतलेला पाण्याचा प्युरिफायर, इंटरनेट कंपनीचा राउटर आणि सेटटॉप बॉक्स, गॅस कंपनीचा सिलिंडर आणि रेग्युलेटर. ही कंपनीची मालमत्ता आहे, ती परत करा किंवा कनेक्शन ट्रान्सफर करा. छतावर सोलर असेल तर पॅनल कुणाच्या मालकीचे, कर्ज किंवा भाडेकरार आहे का आणि वीज कंपनीकडे नाव कसं बदलायचं हे साठेखताच्या आधीच बघून घ्या, ताब्याच्या दिवशी यावर काही होत नाही. इन्व्हर्टर आणि बॅटरी सुट्या असतात, नेता येतात, पण नेल्या तर वायरमनकडून लाईन पुन्हा सरळ मेनवर जोडून घ्या, नाहीतर अर्ध्या घराचे पॉइंट बंद पडतात आणि रात्री दहाला खरेदीदाराचा फोन येतो. आणि तो आधी मला येतो, हे जाता जाता.

हल्ली नवीन भानगड म्हणजे स्मार्ट वस्तू. डिजिटल लॉक, दाराचा कॅमेरा, ॲपवर चालणारे दिवे. दाराला बसवलेलं लॉक घराचं, इथवर ठीक, पण त्याचं अकाउंट तुमच्या फोनवर आहे. एका घरात ताबा देऊन तीन महिने झाले आणि जुन्या मालकांच्या मुलाच्या फोनवर अजून नोटिफिकेशन यायचं, दारात कोण आलं त्याच्या व्हिडिओसकट. मुलाने बिचाऱ्याने स्वतःहून कळवलं म्हणून निभावलं. तर ठेवणार असाल त्या प्रत्येक वस्तूतून आपले बोटांचे ठसे, पिन, घरच्यांचे ॲक्सेस काढून टाका, अकाउंटमधून डिव्हाइस रिमूव्ह करा आणि मग फॅक्टरी रीसेट. रिमूव्ह न करता नुसता रीसेट केला तर काही कंपन्यांची मशीन नव्या माणसाच्या नावावर चढतच नाहीत. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग असतं त्या डब्यातली हार्ड डिस्क पुसा किंवा काढून न्या. खरेदीदारांनो, तुम्ही ताबा मिळाल्याच्या दिवशी मुख्य दाराचा लॅच बदला. यात अविश्वास वगैरे काही नाही, कामवाल्या मावशी, शेजारी, जुना भाडेकरू, कुणाकडे किल्ली आहे हे विकणाऱ्यालाही आठवत नसतं.

उलटी बाजू पण आहे, न्यायला हवं ते न नेणं. "राहू द्या, उपयोगी पडेल" म्हणून लॉफ्टवर जुन्या गाद्या, मोडका सोफा, अर्धे वापरलेले रंगाचे डबे, तीन पायांची खुर्ची सोडून जातात. ते दान नसतं, कचरा उचलायचा खर्च दुसऱ्याच्या गळ्यात घालणं असतं. लॉफ्ट, बाल्कनीतला कोपरा, गच्चीवरची खोली आणि पार्किंगच्या मागची जागा, या चार ठिकाणी स्वतः जाऊन बघा. सोडायचं असेल तर एवढं सोडा: उरलेल्या टाइल्स (आरशाची गोष्ट आठवा), भिंतीच्या रंगाचा शेड नंबर एका कागदावर, गिझर-चिमणी-लॉकची माहितीपुस्तकं आणि वॉरंटीची कागदं, प्लंबिंग-वायरिंगचा नकाशा असेल तर तो, आणि प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधून सगळा जुडगा. लेटरबॉक्सची किल्ली लोक हमखास घेऊन जातात.

लिहायचं कसं ते सांगते. "सर्व फिटिंग्जसह" हे वाक्य मी साठेखतात दिसलं की खोडायला लावते, त्याचा अर्थ प्रत्येकजण आपल्या सोयीने लावतो. त्याऐवजी एक वेगळं परिशिष्ट करा, खोलीवार, दोन रकाने, राहणार आणि जाणार. वस्तूचं नुसतं नाव नको, "हॉलमधला पांढरा दीड टनाचा स्प्लिट एसी" असं, कंपनी आणि मॉडेल नंबरसकट, कारण चांगला एसी काढून त्या जागी भंगारातला लावून दिल्याची केस मी स्वतः निस्तरलीय, आणि त्या माणसाचं म्हणणं होतं की एसी लिहिलाय, एसी दिलाय. राहणाऱ्या वस्तू चालू स्थितीत देणार की जशा आहेत तशा, ते प्रत्येकीसमोर लिहा. सोबत त्या दिवसाचे फोटो. दोन्ही बाजूंच्या सह्या परिशिष्टाच्या प्रत्येक पानावर. इंग्लंड-वेल्समधे यासाठी टीए१० नावाचा छापील फॉर्मच आहे, विकणारा खोलीखोलीतली प्रत्येक वस्तू राहणार की जाणार ते त्यात भरून देतो, आपण साध्या कागदावर तेच करायचं. व्हॉट्सॲपवरचं बोलणं नसल्यापेक्षा बरं, पण "हो हो बघू" आणि अंगठ्याची इमोजी यावर नंतर कुणाचंच एकमत होत नाही.

सुट्या वस्तू विकत देणार असाल, म्हणजे सोफा, बेड, फ्रिज, तर त्यांची किंमत घराच्या किमतीपासून वेगळी दाखवा आणि खरीखुरी दाखवा. कर वाचवायला फर्निचरचा आकडा फुगवायची आयडिया प्रत्येकाच्या मेव्हण्याला सुचते. त्यात पडू नका, खात्याने विचारलं तर जुन्या सोफ्याची ती किंमत कुठून आली हे तुम्हालाच सांगावं लागणार, आणि बँका गृहकर्ज घरावर देतात, सोफ्यावर नाही, त्यामुळं खरेदीदाराचंही गणित बिघडतं.

साठेखत ते ताबा यामधला काळ विसरू नका. तेवढ्यात गिझर जळाला तर कुणाचा खर्च? १८८२ च्या त्याच कायद्याचं ५५ वं कलम म्हणतं की कराराच्या दिवसापासून ताबा देईपर्यंत विकणाऱ्याने मालमत्ता एखाद्या सुज्ञ मालकासारखी सांभाळायची. म्हणजे मुद्दाम किंवा हलगर्जीने बिघडलं तर तुमच्यावर. वयोमानाने बंद पडलं तर काय, ते परिशिष्टात एका ओळीत लिहून टाका. खरेदीदाराने ताब्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी यादी हातात घेऊन एक फेरी मारायची, प्रत्येक नळ उघडायचा, प्रत्येक स्विच दाबायचा, एसी दहा मिनिटं चालवायचा, मीटरचे फोटो घ्यायचे आणि मगच शेवटचा चेक. सामान हलल्यावरची फेरी ही खरी फेरी, कपाटामागची ओल तेव्हाच दिसते.

एक गोष्ट यादीत कधीच नसते. मुलांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा दाराच्या चौकटीवर. चौकट घराची, यात शंका नाही. एका बाईंनी ताब्याच्या दिवशी त्या खुणांवर लांब कागद धरून एकेक रेघ आणि तारीख उतरवून घेतली, खरेदीदाराच्या मुलीने कागदाचं खालचं टोक धरलं होतं, आणि मग त्या मुलीला तिथे उभं करून तिची पण एक रेघ मारली. त्या सौद्यात पंख्याचं भांडण आधीच झालेलं होतं बरं का, त्यानंतर कुणी काढलं नाही.

तर ताई, तुमच्याकडे येते. झुंबर सीलिंगच्या हुकाला टांगलेलं आहे आणि काढलं तर सीलिंगला काही होत नाही, त्यामुळं तुमची बाजू बरी आहे, पण फोटोत ठळक दिसतंय आणि त्यांनी ते मनात धरलंय. फोनवर वाद घालू नका. मी तुमच्या जागी असते तर असा मेसेज टाकला असता: "हॉलमधलं झुंबर माझ्या आईने दिलेलं आहे, ते मी नेणार आहे, हे आधी सांगायचं राहिलं ही माझी चूक. त्या जागी तुमच्या पसंतीचा दिवा आमच्या खर्चाने लावून देते. चिमणी, पंखे, गिझर आणि बेडरूमचा एसी तुमच्यासाठी ठेवतेय. कुंड्या आणि हॉलचा एसी आम्ही नेतोय. हे सगळं यादी करून साठेखताला जोडूया." आईचं आहे म्हटल्यावर अडून बसणारी माणसं मला फार थोडी भेटली, आणि बदल्यात काय मिळतंय ते त्याच मेसेजमधे दिसायला हवं. ते तरी नाहीच म्हणाले तर झुंबराची किंमत धरून थोडी रक्कम कमी करा आणि विषय मिटवा.

उतरवायचं ते मात्र साठेखत सह्या होऊन यादी जोडल्यावर, आधी नाही, नाहीतर त्यांना वाटेल गुपचूप काढलं. वायरमन आणि वर धरायला दुसरा माणूस असे दोघं बोलवा, एमसीबी म्हणजे बोर्डवरचा सेफ्टी स्विच पाडा, टेस्टरने बघा, लोलक आधी एकेक काढून कागदात गुंडाळा आणि काढायच्या आधी चारी बाजूंनी फोटो घ्या, नाहीतर नव्या घरी कुठला लोलक कुठे ते जिगसॉ होतं. वायरींना कनेक्टर लावून नवा दिवा तिथेच चढवून घ्या. आणि वायरमन म्हणेल ताई हा हुक पण काढून देतो, नव्या घरी कामाला येईल, तर त्याला नको म्हणा. हुक स्लॅबमधे आहे, तो त्यांचा.